चावी देण्याआधी : नाशिकमध्ये घर भाड्याने देताना मालकाने काय सांभाळावं

पाचशेचा बाँड पेपर, त्यावर अकरा महिन्यांचा करार, खाली नोटरीचा शिक्का, दोन झेरॉक्स आणि चावी. इंदिरानगर असो की पाथर्डी फाटा, घर भाड्याने द्यायची ही पद्धत अजून सर्रास चालते. भाडेकरू सरळ असेपर्यंत काही अडत नाही. तो मुदत संपल्यावर "बघू, पुढच्या महिन्यात सोडतो" म्हणायला लागला, की त्या कागदाचा कस लागतो आणि बहुतेक वेळा तो उतरत नाही.

अकरा महिन्यांचा हिशोब आला कुठून? १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात वर्षावर्षाने चालणाऱ्या किंवा एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायची म्हणून एक महिना कमी. पण महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा, १९९९ वेगळं सांगतो. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षा मोठा तोटा वेगळाच आहे: नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे घर तुमचं, अटी त्याच्या.

इंटरनेटवर वाचलेला सल्लाही जरा जपून घ्यावा. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असं जे सांगितलं जातं, ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातून येतं आणि तो महाराष्ट्रात लागू नाही. मालमत्ता कंपनीच्या नावावर करून ठेवा म्हणजे अंगावर काही येत नाही, हा सल्ला तर थेट अमेरिकेतून येतो. दोन-तीन फ्लॅटच्या मालकाला इथे त्यातून मिळतो फक्त ऑडिटचा आणि दर वर्षीच्या फाइलिंगचा खर्च.

लिव्ह अँड लायसन्स का, भाडेपट्टा का नाही

भाडेकरूला जागेत कायद्याने हक्क मिळतो. लिव्ह अँड लायसन्सने घर घेणाऱ्याला, म्हणजे लायसेन्सीला, मिळते ती जागा वापरायची परवानगी, ठरलेल्या मुदतीपुरती. देणारा मालक तो लायसेन्सर. घर राहण्यासाठी या पद्धतीने दिलं असेल तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ लागू होतं. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर नेहमीच्या दिवाणी दाव्यात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि जास्तीच्या प्रत्येक दिवसासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते. तिथे लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. "तोंडी तर पाच वर्षं ठरली होती" हे मग चालत नाही.

म्हणून कागदावर शब्द नेमके हवेत. "भाडेकरू", "भाडेपट्टा", "भाडे" असं मजकुरात पसरलेलं असेल तर समोरच्या वकिलाला हवं तेच मिळतं. लायसेन्सर, लायसेन्सी, लायसन्स फी किंवा परवाना शुल्क हेच शब्द सगळीकडे ठेवा. जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील आणि लायसेन्सीला फक्त वापराची परवानगी आहे, ही ओळ असावीच. (या लेखात सोयीसाठी आपण भाडं आणि भाडेकरूच म्हणू. तोंडात तेच शब्द आहेत.)

रक्कम खरी लिहा. कर वाचवायला कागदावर आठ हजार आणि सात हजार हातात, असा उद्योग बरेच जण करतात. आता मुदत संपली आणि माणूस बसून राहिला असं धरा. दुप्पट भरपाई कागदावरच्या आठ हजारांवर, म्हणजे महिन्याला सोळा हजार. तो आधी पंधरा देत होता. कायद्याने त्याच्यावर ठेवलेला सगळा धाक एक हजार रुपयांवर आला.

नोंदणीचा खर्च आणि मुदत किती ठेवावी

साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते तीन गोष्टींच्या बेरजेवर लागतं: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं मानीव व्याज. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००.

भाडं १५,००० आणि डिपॉझिट ५०,००० धरून अकरा महिन्यांचा हिशोब असा: भाडं १,६५,०००, व्याज ४,५८३, बेरीज १,६९,५८३, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ४२४ रुपये. भरताना आकडा वर गोल होतो. आता तोच करार ३६ महिन्यांचा करा, दर वर्षी ५ टक्के वाढ धरून. तीन वर्षांचं भाडं ५,६७,४५०, व्याज १५,०००, शुल्क सुमारे १,४५६ रुपये आणि नोंदणी फी एकदाच हजार. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर नुसती नोंदणी फीच तीन हजार होते, शिवाय दर वेळी एजंटचे पैसे आणि सगळ्यांना पुन्हा अंगठ्यासाठी जमवायचं. कुटुंब राहायला येत असेल तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करार आम्ही बरा समजतो. अट एकच: मालकालाही एक महिन्याच्या लेखी नोटिशीने करार संपवता येईल हे कलम त्यात हवं. अनेक छापील नमुन्यांत हा हक्क फक्त लायसेन्सीला दिलेला असतो आणि मालक न वाचता सही करतो.

घरबसल्या नोंदणी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या पोर्टलवरून होते. मालमत्तेचा तपशील, पक्षकार, दोन साक्षीदार, शुल्काचं ऑनलाइन चलन, मग प्रत्येकाचा फोटो आणि आधारशी जुळणारा अंगठा. अंबड-सातपूरला मशीनवर काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही आणि सगळं तिथेच थांबतं. अशा वेळी दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन दस्त नोंदवा. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर व्हायला हवा.

इथे एक चूक वारंवार होते. एजंट व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ पाठवतो, वर फोटो असतात, अंगठे असतात, आणि मालक निश्चिंत होतो. ती फाइल कधी नुसती सादर केलेली असते, नोंदलेली नसते. शेवटच्या पानांवर दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख आणि दुय्यम निबंधकाची सही आहे का ते बघा, आणि त्या दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी सारांश), उतरवून घ्या. ते हातात येईपर्यंत चावी देऊ नका. सामान ठेवायला दोन दिवस आधी चावी मागतात, तीसुद्धा नाही.

मालक म्हणून सही कोण करतं तेही तपासा. फ्लॅट आई-वडील दोघांच्या नावावर असेल तर दोघांची सही. वडील वारले असतील आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव असेल, तर तेवढ्यावर तो मालक होत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. मालक परदेशी असेल तर नोंदवलेलं मुखत्यारपत्र हवं आणि त्यात घर लिव्ह अँड लायसन्सने देण्याचा, दस्तावर सही करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. घरावर कर्ज चालू असेल तर बँकेच्या करारात भाड्याने देण्याआधी परवानगीची अट आहे का ते एकदा वाचून घ्यावं.

करारात काय लिहायचं

नमुन्याचा करार कुठेही मिळतो. भांडण होतं ते नमुन्यात नसलेल्या गोष्टींवरून.

राहणाऱ्यांची नावं. चौघांच्या कुटुंबाला दिलेल्या घरात सहा महिन्यांनी नऊ जण दिसतात. सगळ्या प्रौढ व्यक्तींची नावं आणि आधारचे शेवटचे चार अंक लिहा. नवीन माणूस एक महिन्यापेक्षा जास्त राहणार असेल तर लेखी संमती लागेल हे लिहा. ठेकेदार कामगारांसाठी फ्लॅट घेतो तेव्हा करार ठेकेदाराशी करावा की कामगारांशी, हा प्रश्न येतो. करार ठेकेदाराशी, कारण पैसे त्याच्याकडून वसूल करायचेत. पण राहणाऱ्यांची यादी जोडपत्रात. कॉलेजरोड-गंगापूर रोडला विद्यार्थ्यांना घर देताना आईवडिलांपैकी एकाला लायसेन्सी करा. वीस वर्षांच्या मुलाकडून डिपॉझिटपलीकडचं नुकसान वसूल होत नसतं.

पोटभाड्याची बंदी नुसती लिहून भागणार नाही, सिंहस्थाचा काळ समोर ठेवून लिहा. २०२७ च्या पर्वणीला पंचवटी, तपोवन, आडगाव नाका या पट्ट्यात खोलीला रोजाने किती पैसे मिळू शकतात हे भाडेकरूलाही कळतं. तुमच्याकडून महिन्याच्या भाड्याने घेतलेला फ्लॅट यात्रेकरूंना रोजाने देणं, अॅपवर टाकणं, पैसे घेऊन पाहुणे ठेवणं, यातलं काहीही आढळल्यास करार तात्काळ रद्द होईल, असं नाव घेऊन लिहा. स्वतः मालकच यात्रेकरूंना खोल्या देणार असेल तर तो विषय वेगळा. त्यासाठी राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे. पाहुण्यांचं रजिस्टर ओळखपत्राच्या प्रतीसह ठेवावं लागतं, आणि पाहुणा परदेशी असेल तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवणं बंधनकारक आहे.

कोण काय भरणार. घरपट्टी मालकाने, लाइट बिल राहणाऱ्याने, यावर सहसा वाद नसतो. मेंटेनन्स कोणाकडे, लिफ्टच्या दुरुस्तीची जादा वर्गणी कोणाकडे, उन्हाळ्यात टँकर आला तर तो कोणाचा, हे मात्र कोणीच लिहीत नाही आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर भांडण होतं. सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्याहून जास्त मागितलं तर लेखी पत्र द्यावं. कराराची प्रत सोसायटीला देणं हे मालकाचं काम.

लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा सुरुवातीचा काळ, ठेवायचा असेल तर सहा महिने पुरे. रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापायचं असेल तर तेही आधीच लिहा, नंतर कापलं की ते अडवणूक वाटते आणि बऱ्याचदा असतेही.

डिपॉझिट किती घ्यावं

बाजारात चालतं तितकं, हे नेहमीचं उत्तर. पण उलट बाजूने मोजून बघा. माणूस मुदत संपूनही बसला, तर नोटीस, अर्ज, आदेश, त्याची अंमलबजावणी यात महिने जातात. पंधरा हजारांच्या घरात पाच महिने जादा गेले तर दुप्पट दराने दीड लाख होतात. पन्नास हजारांचं डिपॉझिट त्यातले दोन महिनेही भरत नाही, आणि लाइट बिल, तुटफूट वेगळीच. तीन ते चार महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट घेणं नाशिकमध्ये जड जात असेल, तर भाड्यात थोडं उतरा पण डिपॉझिटवर उतरू नका. डिपॉझिट बँकेतूनच घ्या, करारात व्यवहाराचा क्रमांक टाका, आणि ते पैसे खर्च करू नका. मुदत ठेवीत टाकून ठेवा. घर सोडणाऱ्या माणसाला "पुढचा भाडेकरू आला की देतो" म्हणणारा मालक स्वतःच्या हातानेच ताबा लांबवतो, कारण पैसे मिळेपर्यंत तोही चावी देत नाही.

पोलिसांकडे माहिती

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश शहरात वेळोवेळी निघतात. ते पाळले नाहीत तर गुन्हा मालकावर दाखल होतो, भाडेकरूवर नाही. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम १८८, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. घर ज्या ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर माहिती भरा. फोटो, आधार, मूळ गावाचा पत्ता, कामाचं ठिकाण, ओळखीच्या दोन व्यक्ती. पोच जपून ठेवा. एजंट "मी करतो" म्हणाला तरी पोच मागा.

पोलिसांची नोंद म्हणजे माणसाची पारख नव्हे. त्यासाठी दोन फोन करा: एक तो काम करतो त्या ठिकाणी, एक आधीच्या घरमालकाला. आत्ताच्या मालकाला विचारून उपयोग कमी, त्याला तो जायलाच हवा असतो. त्याच्याही आधीच्याला विचारा.

चावीच्या दिवशी

हा अर्धा तास पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा, दारापासून सुरुवात करून. प्रत्येक नळ उघडून दाखवा, फ्लश ओढा, पंखे लावा, गीझर चालू करा, बाथरूमच्या टाइल्स आणि किचन ओट्याच्या कडा जवळून घ्या. शेवटी मीटरवर या आणि आकडा स्पष्ट दिसेल इतकं थांबा. मग एक पानभर यादी: पंखे ४, ट्यूब ६, गीझर १ (कंपनी, अनुक्रमांक), मॉड्युलर ट्रॉली ५, पडद्यांचे रॉड ४, मुख्य दाराच्या चाव्या ३, मीटर रीडिंग. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. ही यादी कराराला जोडपत्र म्हणून जोडता आली तर उत्तम.

महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला मोबाइल नंबर मालकाचाच ठेवा. भाडेकरूच्या सोयीसाठी तो बदलला की थकबाकीचे मेसेज त्याला जातात आणि तुम्हाला कळतं ते मीटर काढून नेल्यावर. थकीत बिल भरल्याशिवाय त्या जागेला पुन्हा वीज मिळवणं त्रासाचं असतं, मग ती वीज कोणीही वापरलेली असो.

बारा वर्षं राहिला की घर भाडेकरूचं होतं ही भीती मात्र सोडून द्या. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा मालकाविरुद्धचा ताबा ठरत नाही, मग बारा असोत की बावीस. बारा वर्षांचा नियम लागतो तो परवानगीशिवाय, उघडपणे बळकावलेल्या जागेला. म्हणजे काळजी फ्लॅटची नको, मखमलाबाद-म्हसरूळकडे गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेल्या आणि वर्षानुवर्षं न पाहिलेल्या प्लॉटची हवी. तिथे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, हद्दीच्या खुणांवर खांब आणि तार, पाटीवर गट नंबर आणि प्लॉट नंबर, वर्षातून दोनदा तारखेसह फोटो. शेजाऱ्याने शेड टाकली असेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत.

सोडत नसेल तर

पहिली गोष्ट, कुलूप बदलू नका, पाणी तोडू नका, वीज बंद करू नका. अत्यावश्यक सोयी तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि जिंकत आलेला मालक याच एका रागाच्या दिवसामुळे आरोपी होतो.

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी लेखी कळवा: अमुक तारखेला मुदत संपते, नूतनीकरण होणार नाही, अमुक वेळी ताबा घेण्यास येऊ. व्हॉट्सअॅपवरही टाका आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही पाठवा. मुदत संपल्यावर तो खात्यात नेहमीसारखं भाडं टाकत राहतो. हे सापळ्यासारखं आहे. गुपचूप घेत राहिलात तर करार चालूच आहे असं तो म्हणणार. पैसे आल्याच्या दिवशीच लेखी कळवा, की ही रक्कम कलम २४ खालील नुकसानभरपाईपोटी, आमचे सर्व हक्क राखून जमा करून घेतली आहे. नूतनीकरण समजू नये.

त्यानंतर वकिलामार्फत नोटीस आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. सोबत नोंदवलेला करार, इंडेक्स टू, मालकीचा पुरावा, नोटिशीची पोच, बँकेचा उतारा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याला शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते; ती मिळाली नाही तर अर्जातलं म्हणणं मान्य केल्यासारखं धरून आदेश होऊ शकतो. बऱ्याच प्रकरणांत इथपर्यंत यायची वेळच येत नाही. दुप्पट दराचा हिशोब नोटिशीत आकड्यांत मांडला, की आठ-पंधरा दिवसांत टेम्पो दारात उभा राहतो.

दुकान, कंपनी आणि वाडा

दुकानाला किंवा ऑफिसला कलम २४ ची सोय नाही, ती फक्त निवासासाठी. तिथे शेवटी न्यायालयात जावं लागतं, म्हणून डिपॉझिट जास्त आणि माणूस निवडताना दुप्पट काळजी. करारात व्यवसाय कोणता ते लिहा. सोडून जाताना त्याचा जीएसटी नंबर, गुमास्ता, उद्यम नोंदणी या सगळ्यांवरचा तुमचा पत्ता काढल्याचा पुरावा दिल्यावरच डिपॉझिट परत, ही अट घाला. नाहीतर त्याच्या थकबाकीच्या नोटिसा तुमच्या दुकानाच्या शटरवर चिकटतात आणि पुढच्या माणसाला त्याच पत्त्यावर नोंदणी मिळायला त्रास होतो.

भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा त्याहून जास्त असलेली कंपनी, तसंच बँक किंवा सार्वजनिक उपक्रम जागा घेत असेल, तर कलम ३ मुळे भाडे नियंत्रण कायदाच लागू होत नाही. मालकाच्या दृष्टीने ही चांगली बाजू. मात्र मग तुमचं सगळं संरक्षण करारातल्या शब्दांवर, त्यामुळे तो करार वकिलाकडूनच लिहून घ्या.

जुन्या नाशकातला, पंचवटीतला वाडा स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी आधी भाडेकरू मोजावेत, मग खोल्या. तिथले पागडीचे आणि जुन्या भाड्याचे रहिवासी संरक्षित आहेत. भाडं वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढवता येतं, थकबाकीवरून काढायचं तर आधी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं, आणि इतर कारणं कलम १६ मध्ये मोजून दिलेली आहेत. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. ती नोटीस म्हणजे भाडेकरू जाण्याची संधी, असं समजून व्यवहार करणारे फसतात. वाडा पडला तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. उलट पडलेल्या भिंतीखाली कोणी सापडलं तर जबाबदारी नव्या मालकाची. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून घ्यावंच लागतं. खरेदीआधी तो अहवाल मागा.

भाड्यासाठी नवा फ्लॅट घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. भिंतीतल्या कपाटांची जागा चटईक्षेत्रात, म्हणजे परवानगीच्या बांधकामात, मोजायची का या वादावरून नाशिकमध्ये कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले वर्षानुवर्षं अडकले होते, आणि लोक राहत असूनही कागदावर ती घरं अपुरीच होती. गोदावरीच्या काठाजवळ, नासर्डी-वाघाडीच्या बाजूला असेल तर नगररचना विभागाकडून निळी आणि लाल पूररेषा बघून घ्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या.

विमा आणि कर

२००८ आणि २०१६ च्या पुराने सराफ बाजारापर्यंत पाणी आणलं, तरी घराचा विमा काढणारा मालक इथे विरळाच. भारत गृह रक्षा ही सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे १ एप्रिल २०२१ पासून एकाच मजकुराची मिळणारी पॉलिसी आहे. आग, पूर, भूकंप, वीज पडणं यांचं नुकसान तर त्यात येतंच, पण घर राहण्यालायक न उरल्याने बुडालेलं भाडंही येतं. रक्कम ठरवताना बाजारभाव धरू नका, बांधकामाचा खर्च धरा. ९०० चौरस फुटांना २,००० रुपये दराने १८ लाख. जमिनीचा विमा नसतो, जमीन वाहून जात नाही. मालकाच्या वस्तू इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख, आपोआप धरल्या जातात. भाडेकरूचं सामान यात नाही, ते त्याला सांगून ठेवा.

भाड्याच्या उत्पन्नावर कर मोजताना आधी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, मग उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट. वर्षाचं भाडं १,८०,०००, घरपट्टी ६,०००, उरले १,७४,०००, त्यातून ५२,२०० वजा, करपात्र १,२१,८००. दुरुस्तीच्या पावत्या जमवून उपयोग नाही, त्या या ३० टक्क्यांतच आल्या. कर्जाचं व्याज यातून वजा होतं; पण नव्या करप्रणालीत त्यामुळे झालेला तोटा पगारातून वळता करता येत नाही. भाडं महिन्याला ५०,००० पेक्षा जास्त असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडं कितीही लहान असो, ३० टक्के आणि वर सेस कापावा लागतो. गंगापूर रोडचे कितीतरी फ्लॅट परदेशी गेलेल्या मुलांच्या नावावर आहेत आणि भाडं मात्र इथल्या वडिलांच्या खात्यात जमा होतं. ते उत्पन्न मुलाचंच धरलं जातं.

सोडून जाण्याचा दिवस

घर रिकामं झाल्यावर पहिल्या दिवसाचा व्हिडिओ फोनवर उघडा आणि त्याच क्रमाने खोल्या फिरा, यादी हातात ठेवून. वापराने फिका पडलेला रंग आणि सैल झालेली कडी ही झीज, तिचे पैसे कापू नयेत. फुटलेला बेसिन, भिंतीत टीव्हीसाठी पाडलेली भोकं, गायब ट्रॉली हे नुकसान. त्याची पावती किंवा मिस्त्रीचा आकडा दाखवून कापा. मीटरचं रीडिंग घेऊन शेवटच्या बिलाचा अंदाज काढा आणि तेवढीच रक्कम राखून बाकी तिथल्या तिथे ट्रान्सफर करा.

मुदतीआधी सोडत असेल तर करार कागदावर अजून जिवंत असतो. म्हणून ताबा पावती लिहून घ्या, दोन प्रतींत, दोघांच्या आणि एका साक्षीदाराच्या सहीने:

"दस्त क्रमांक ____, दिनांक ____ अन्वये वापरास घेतलेली सदनिका आज दिनांक ____ रोजी सायंकाळी ____ वाजता रिकामी करून तिच्या सर्व (३) चाव्यांसह लायसेन्सरच्या स्वाधीन केली. सदर करार आजपासून उभयतांच्या संमतीने संपुष्टात आला. मीटर रीडिंग ____. डिपॉझिट रुपये ____ पैकी रुपये ____ वजा जाता रुपये ____ मिळाले. सदनिकेत माझे अथवा माझ्या कुटुंबीयांचे कोणतेही सामान अथवा हक्क शिल्लक नाही."

चाव्या मोजून घ्या आणि संध्याकाळपर्यंत मुख्य कुलपाचा सिलिंडर बदलून टाका. चौथी चावी कुठल्या तरी दुकानात बनलेली असतेच.